बॉयलरला बांधलेला ओला दोर

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. एसटीच्या टपावर कोणी पेटी चढवली की मी खाली उतरून ती नीट बांधली का ते बघतो. पुढे सळयांचा ट्रक असला तर ऑटोवाल्याला मागे राहायला सांगतो. तो नाक मुरडतो. मुरडू दे बापडा. घरचे हसतात, नातू तर माझी नक्कलही करतो. त्यांना काय सांगू? म्हातारपणी माणसं अशीच होतात, असं त्यांना वाटतं. मी सव्विसाव्या वर्षापासून असा आहे, आणि एका दिवसात असा झालो.

तेव्हा आमचा वर्धा जिल्हा अजून मध्यप्रदेशात होता. मी वर्ध्याच्या एका जिनात फिटर होतो. कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना म्हणजे जिन, हे आता मुद्दाम सांगावं लागतं. आमच्या मालकांनी अल्लीपूरच्या बाजूला नवा जिन उभा केला होता आणि तिथे इथला एक जुना बॉयलर न्यायचा होता. बॉयलर म्हणजे लोखंडाचं आडवं पिंप समजा, पण माझ्या छातीइतकं उंच आणि शंभर मणांच्या वर वजनाचं. रेल्वेनं न्यायची सोय नव्हती. मालकांनी कुठूनतरी एक ट्रॅक्टर आणि चार चाकांचं सपाट ट्रेलर मिळवलं आणि मला म्हणाले, सुखरूप पोचव.

चढवण्याची मला धास्ती नव्हती. पहारी, लाकडी ओंडके, कप्पी आणि पंधरा माणसं असली की बॉयलर चढतो. तो चढलाही. पण बांधायचा कसा? मला यंत्र खोलता येत होतं, जोडता येत होतं. ओझं बांधणं ही वेगळी विद्या आहे, आणि ती मला येत नव्हती. हे मी घरी जेवता जेवता बोलून गेलो. तिथेच चुकलो.

घर बोरगावला. माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे आली होती. आईवडील गेलेले, त्यामुळे तिचं माहेर म्हणजे मी आणि माझी बायको. तिला पोचवायला तिचा नवरा आला होता आणि चार दिवस राहिला होता. म्हणजे आमच्या घरचा जावई. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण जावई. त्यांना पाट आधी, ताट आधी, आणि त्यांच्यासमोर आवाज चढवायचा नाही. आमच्याकडे तेव्हा हे कोणाला शिकवावं लागत नव्हतं.

हे आमचे जावई बंडीवाले होते. आपल्या गावचा कापूस बैलबंडीत भरून वर्ध्याच्या बाजारात आणायचे. घरावर घर चढवावं तसा कापूस त्यांच्या बंडीवर उंच रचलेला असायचा, आणि तो कधी कलला नाही. त्यांची बंडी दुरून दिसली तरी लोक ओळखायचे. त्यांना त्याचा गर्व होता, आणि तो रास्त होता.

"मी बांधून देतो, भाऊ," ते भाजीत भाकर कुस्करत म्हणाले. "त्यात काय हाय?"

"जवाईबुवा, तो कापूस नोहे," मी म्हणालो.

"वझं ते वझंच."

झालं. जावई म्हणाले म्हणजे ठरलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. बांधायची जबाबदारी डोक्यावरून गेली, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंबाडीचे चार जाड दोर जिनाच्या हौदातून काढले. आदल्या दिवसापासून भिजत घातले होते. ओला दोर मऊ होतो, गाठ घट्ट बसते, हे मलाही माहीत होतं. बॉयलरच्या दोन्ही अंगांना त्यांनी सरकीनं भरलेली पोती ठासली, म्हणजे तो घरंगळणार नाही. मग वरून दोर टाकले, ट्रेलरच्या कड्यांतून ओढले, आणि प्रत्येक दोरात दांडा घालून असा पीळ दिला की दोरातून पाणी ठिबकलं. मी बोटानं दोर वाजवून पाहिला. तारेसारखा ताठ. काय सुंदर काम होतं ते! मी आजही नाव ठेवणार नाही.

तरी मी एका गोणीत लोखंडी साखळी आणि चार लाकडी ठोकळे आणले होते. बॉयलरला खालून ठोकळे ठोकावेत आणि वरून साखळी आवळावी, असा माझा विचार. जावयांनी गोणीत डोकावून पाहिलं.

"साखळी कुत्र्याले बांधतेत, भाऊ," ते म्हणाले, आणि जमलेली सगळी माणसं हसली. मीही हसलो. गोणी ट्रॅक्टरवर माझ्या पायाशी ठेवली.

निघताना बहिणीनं दोघांची भाकर एकाच फडक्यात बांधून दिली. सातवा संपून आठवा लागला होता तिला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, त्यायच्यावर ध्यान ठेवजो. ते कोनाचं आयकत नाईत."

"तुह्या नवऱ्याले काही होत नाई," मी म्हणालो. किती सहज म्हणालो मी.

ड्रायव्हर नागपूरकडचा, हिंदी बोलणारा. ट्रॅक्टरच्या आवाजानं त्याचे कान जवळजवळ गेलेले होते. त्याच्याशी बोलायचं म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडायचं. मी त्याच्या शेजारी, मोठ्या चाकावरच्या पत्र्यावर बसलो, मागे तोंड करून. मला वाटलं होतं जावईही पुढे येतील. पण ते ट्रेलरवर चढले आणि डाव्या बाजूच्या सरकीच्या पोत्याला टेकून, पाय बाहेर सोडून बसले. पाठीमागे पोतं, पोत्यामागे बॉयलर.

"इकडे या ना, जवाईबुवा."

"ज्यानं बांधलं त्यानं वझ्याजवळ बसाव लागते," ते म्हणाले. बंडीवाल्यांचा तो नेमच होता. ओझं हललं तर बुडाखाली कळतं, म्हणून बांधणारा त्यावरच बसतो. कापसाच्या बंडीत ते बरोबरही आहे. कापूस अंगावर पडला तर माणूस हसत बाहेर येतो.

रस्ता गिट्टीचा, कुठे कुठे गिट्टीही नाही, नुसती चाकोरी. दिवाळी होऊन गेलेली, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. थंडी होती, पण नऊ-दहाच्या सुमाराला ऊन चांगलंच तापलं. आम्ही चालत्या माणसाच्या वेगानं जात होतो. पहिला तास मी दोरांकडे बघत होतो आणि जावयांकडे बघत होतो. ते तंबाखू मळत होते. सगळं ठीक होतं.

मग एका खड्ड्यात ट्रेलर आदळलं आणि मला एक आवाज आला. ठक्. ट्रॅक्टरच्या एवढ्या गडगडाटात तो आवाज यायला नको होता. लोखंड फळीवर उचलून टेकावं तसा. पुढच्या खड्ड्यात पुन्हा ठक्. मी दोरांकडे नीट पाहिलं. सकाळी काळपट दिसणारे दोर आता पांढुरके झाले होते. वाळले होते. आणि थरथरत होते. ताठ दोर असा थरथरत नाही.



एका गावाच्या विहिरीशी इंजिनात पाणी घालायला आम्ही थांबलो. मी उडी मारून मागे गेलो आणि कोणी पाहत नाही असं बघून दोर दाबला. दोन बोटं आत गेला. सकाळी नखही गेलं नसतं. पोत्याचा कोपरा चाचपला; सरकी हादऱ्यांनी खाली बसत चालली होती, पोतं मऊ पडलं होतं. जावई खाली उतरले नव्हते. वरूनच बघत होते.

"काय पाहून राह्यले, भाऊ?"

"दोर जरा ढिला झाल्यासारखा वाटते."

विहिरीवरच्या बायका आणि दोन-चार माणसं बघायला जमली होती. बॉयलर त्यांनी कुठे पाहिला असणार! जावयांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दहा वर्षं झाले, भाऊ. माह्या हातच्या बंडीवरून बोंडभर कापूस पडला नाई."

"मी तेच म्हन्तो. पन वरून एक साखळी घातली तं काय बिघडते?" म्हणत मी ट्रॅक्टरवरची गोणी ओढून साखळी काढू लागलो.

त्यांनी तंबाखूची पिंक टाकली. मग शांतपणे म्हणाले, "घाला. मी मंग पायी वापस जातो."

हसू नका. तुम्हीही माझ्या जागी असतात तर गप्प बसला असतात. बहीण आठव्या महिन्यात घरी, जावई चारचौघांत रागावून निघून चालले, आणि कशासाठी, तर दोन बोटं दोर ढिला म्हणून! सासरी तिला काय काय ऐकावं लागलं असतं? गोणीतून अर्धी बाहेर काढलेली साखळी मी एकेक कडी पुन्हा आत टाकली. तिचा तो खळखळ आवाज मला अजून ऐकू येतो, आणि अजून माझाच मला राग येतो.

पुन्हा निघालो. आता मी भाकरीला हात लावला नाही, आजूबाजूला पाहिलं नाही. फक्त दोर पाहत होतो आणि विचार करत होतो. दहा वर्षं ज्या माणसाचा दोर ढिला झाला नाही, त्याचा आजच का व्हावा? दोर तोच, हात तेच, पीळ तोच. आणि चालत्या ट्रॅक्टरवर, त्या हादऱ्यांत, मला ते कळलं. अंबाडीचा दोर ओला असताना आखडतो आणि वाळला की सैल होतो. कापसाच्या बंडीवरही तो सैल होतच असणार. पण कापूस दाबलेला असतो, तो आतून फुगतो, बाहेर रेटतो, आणि दोराला ताणून धरतो. जावयांचा दोर घट्ट राहायचा तो कापसाच्या जिवावर. लोखंड कुठे फुगणार? जितका दोर वाळेल तितका सैल होणार, आणि अजून दुपार चढायची होती.

हे मला कळलं. त्यांना हे माहीत नव्हतं. ते पोत्याला पाठ लावून डुलकी काढत होते.

मी ड्रायव्हरच्या कानात ओरडलो, थांबव. त्यानं मान हलवली आणि पुढे बोट दाखवलं. आम्ही नाल्याच्या उताराला लागलो होतो. खाली रपटा, म्हणजे पाण्यातून जाणारा फरशीचा रस्ता, आणि तिथपर्यंत लांब, डावीकडे कललेला उतार.

"अब नीचे जाके ही रुकेगी," तो ओरडला. त्याचंही बरोबर होतं. ट्रेलरला ब्रेक नव्हता. उतारात ट्रॅक्टर थांबवला असता तर मागचं सगळं वजन आमच्यावर आलं असतं.

मी मागे पाहिलं. उतार डावीकडे होता आणि जावई डावीकडेच बसले होते. उजवीकडचं पोतं बॉयलरपासून सुटलं होतं. मधल्या फटीतून मला पलीकडचं शेत दिसलं. दोन दोर तर नुसते अंगावर पडलेले. ठक् आवाज आता थांबला होता, कारण बॉयलर आता आदळत नव्हता. तो हळूहळू डावीकडे सरकत होता, आणि त्याच्या आणि माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या मध्ये सरकीचं एक बसकं पोतं होतं.

"उतरा! जवाईबुवा, उतरा!"

ते जागे झाले. कानाला हात लावून त्यांनी विचारलं, काय? मी दोन्ही हातांनी खुणा केल्या. त्यांनी मागे वळून बॉयलरवर थाप मारली, एखाद्या बैलाच्या पाठीवर मारावी तशी, आणि मला हातानंच सांगितलं, काही नाही, चालू द्या. हसलेसुद्धा.

मी उडी मारून धावायला हवं होतं. त्यांना हाताला धरून ओढायला हवं होतं. माझे पाय हलेनात. कितीही वर्षं झाली तरी हे कबूल करायला जीभ जड होते, पण खरं तेच आहे. मला बहीण दिसत होती, फडक्याला गाठ मारणारी. मी पुन्हा ओरडलो, विनवलं, हात जोडले. ते आणखीच हसायला लागले. भाऊ भ्याले, असं त्यांना वाटत होतं.

तेव्हा मी पायातली चप्पल काढली आणि त्यांना फेकून मारली.

ती त्यांच्या छातीवर बसली. जड, टायरच्या तळव्याची, शेणामातीची चप्पल. क्षणभर त्यांना कळलंच नाही काय झालं. त्यांनी छातीकडे पाहिलं, मांडीवर पडलेल्या चपलेकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. त्यांचं ते तोंड मी विसरणार नाही. सगळं रक्त चेहऱ्यावर चढलं. आणि मी दुसरी चप्पल काढतो आहे हे बघून ते खाली उतरले. उडी मारून, मूठ आवळून, माझ्याकडे धावत. चप्पल मारणाऱ्या मेव्हण्याला फोडून काढायला.

ते ट्रॅक्टरच्या चाकाशी पोचले, हात वर उचलला, आणि त्यांच्या मागे बॉयलर गेला.

फार मोठा आवाज झाला नाही, हेच मला नवल वाटतं. दोर तुटले नाहीत, नुसते घसरले. पोतं फुटलं, सरकी भसकन सांडली, ट्रेलरची डावी फळी काडीसारखी मोडली आणि बॉयलर खालच्या दगडांत जाऊन रुतला. ट्रेलर उलटं झालं, त्याच्या झटक्यानं ट्रॅक्टर आडवा फिरून उभा राहिला. ड्रायव्हर चाक धरून राम राम म्हणत होता. धुरळा बसला तेव्हा जावई तिथेच उभे होते. हात अजून वरच होता. ते मागे पाहत होते, जिथे ते बसले होते तिथे. तिथे आता काहीच नव्हतं.

मी खाली उतरलो. त्यांनी हात खाली घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही. एका दोराचं टोक उचललं, बोटांत चोळलं, टाकून दिलं. आणि चालू लागले. वर्ध्याच्या दिशेनं नव्हे, शेतातून सरळ, आपल्या गावाच्या दिशेनं.

मी संध्याकाळी एका पायात चप्पल घालून घरी पोचलो. दुसरी बॉयलरखाली होती. बहीण दारातच उभी. माझ्या मागे कोणी नाही हे पाहून तिचा हात पोटावर गेला.

"ते बरे हायेत," मी आधी म्हणालो. "गावाले गेले." मग सगळं सांगितलं.

"तू त्यायले चप्पल मारली?" एवढंच तिनं विचारलं. आणि रडायला लागली.

मला वाटलं होतं ती म्हणेल, भाऊ, तू वाचवलं. नाही म्हणाली. मीही तसं म्हणालो नाही. चप्पल खाल्लेला जावई सासुरवाडीत पुन्हा पाणी पीत नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. एक भीती गेली आणि दुसरी बसली. दीड महिना तिकडून निरोप नाही. मी दोनदा माणूस पाठवला. जावई भेटले नाहीत. बॉयलर काढला, साखळ्या घालून, खाली ठोकळे मारून अल्लीपूरला पोचवला. मालक खूश झाले. मला झोप नव्हती. बहीण बाळंत झाली, मुलगी झाली, तरी तिकडून कोणी आलं नाही. बहीण दाराकडे तोंड करून निजायची. बायको मला म्हणायची, जा, पाय धरून या. मी म्हणायचो, उद्या जातो. जावयाच्या त्या तोंडाची मला बॉयलरपेक्षा जास्त भीती वाटत होती.

बारशाच्या दिवशी सकाळी ते आले. खांद्यावर एक पाळणा आणि हातात नवा दोर. बायको पाणी घेऊन धावली. ते प्यायले. पाणी प्यायले, हे मी आतल्या दारातून पाहिलं आणि भिंतीला टेकलो.

ते सरळ मधल्या घरात गेले. आढ्याला दोर टाकला, पाळणा अडकवला. त्यात ज्वारीचं एक पोतं ठेवलं आणि हलवत बसले, अर्धा तास तरी. मग पोतं काढलं, दोर सोडला, पुन्हा बांधला. दोर कोरडा होता. मी लक्ष देऊन पाहिलं, अगदी खडखडीत कोरडा.

बायकांनी बाळ आणलं. तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले.

"भाऊ," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक. "तुमी पाह्यजा एकडाव. ढिला तं नाई?"

दहा वर्षं ज्यांनी आपल्या दोराला कोणाला हात लावू दिला नाही, ते बाजूला सरकून उभे होते. मी पाळणा धरून दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखा ओढला. कुठे काही हललं नाही. गाठ घट्ट होती, त्याहून घट्ट बांधताच आली नसती. पण मी भित्रा माणूस.

"पुन्हा बांधा, जवाईबुवा," मी म्हणालो.

त्यांनी एक शब्द न बोलता गाठ सोडली.